फिर्यादी सुलभा, आरोपी मालन

सुलभा, माझ्यावर फिर्याद लावून तू निघून गेलीस. माणसं जाताना मागे दागिने ठेवतात, नाहीतर कपाटभर साड्या. तू माझ्यासाठी एक गुन्हा ठेवलास. माझ्याच नावावरचा, शारजाच्या सरकारी दफ्तरात उघडा.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ते तुला हसतमुख म्हणतील, मनमिळाऊ म्हणतील. लिहू देत. तू हसतमुख नव्हतीस. दुसऱ्याचं चुकलं की तू हसायचीस, आणि तेही आवाज न करता, नुसतं नाकाने. तुझ्याशी जमवून घ्यायला कोणाला फारसं जमलं नाही. मला जमलं, कारण मी जमवून घेत नव्हते, भांडत होते. आत्ताही भांडायलाच आलेय.

तुला नेलं त्या दिवशी मी आले होते. वकिलाने बजावलं होतं की फिर्यादीच्या घरच्यांच्या जवळपास फिरकायचं नाही. फोन नको, मेसेज नको, कोणाच्या हाती निरोप नको. दबाव टाकला असं कोणी म्हणालं तर एकाचे दोन गुन्हे होतील. म्हणून मी रस्त्याच्या पलीकडे व्हॅन लावून आतच बसले. प्रकाशभाऊजींनी व्हॅन ओळखली. न ओळखायला काय झालं, दारावरचं नाव त्यांनीच उभं राहून रंगवून घेतलं होतं. त्यांनी एकदा पाहिलं आणि मान वळवली. ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. तुझ्या नवऱ्याला तुझ्यासारखंच कमी बोलायची सवय. मी काच वर करून बसले आणि जिच्याबरोबर निम्मं आयुष्य काढलं तिला आरोपीच्या अंतरावरून निरोप दिला. याचा मला राग आहे. आजही आहे.

तुझी-माझी पहिली भेट तुला नक्की आठवत असणार, कारण ती तू सगळ्यांना रंगवून सांगायचीस. माझा नवरा गेला होता. टिफिनच्या धंद्याचं लायसन्स त्याच्या नावावर. बार्शीहून दिराचे फोन येत होते की आता गुंडाळ आणि ये. इथले लोकही तेच सांगत होते, बाईमाणसाने एकटीने किचन चालवायचं म्हणजे काय. मी कागद घेऊन तुझ्या टायपिंग सेंटरमध्ये आले. तू अरबीत अर्ज टाईप करायचीस, तक्रारी, करारनामे, कोर्टाचे कागद. मी आल्या आल्या तुझ्या टायपिंगच्या दरावरून घासाघीस सुरू केली.

“बाई, हा भाजीबाजार नाही,” तू म्हणालीस.

“सगळं जग भाजीबाजारच आहे. तुम्ही फक्त एसीत बसलाय.”

तू नाकाने हसलीस. दर एका दिरहमनेही कमी केला नाहीस. पण कागद वाचलेस, चष्मा काढलास आणि म्हणालीस, “होईल. तुमच्या नावावर होईल. कोण नाही म्हणतं?” त्या महिन्यात मला ‘होईल’ म्हणणारी तू एकटीच भेटलीस. दुसऱ्या दिवशी माझ्या किचनवर येऊन जेवलीस आणि आमटी खारट आहे म्हणालीस. ती खारट नव्हती. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

पुढे तू टायपिंग सोडून माझ्या किचनमध्ये भागीदार झालीस. वाटणी सरळ होती. कागद तुझे, माणसं माझी. तू कधी अवीरच्या भाजीबाजारात माझ्याबरोबर आलीस तर दोन गाळे सोडून उभी राहायचीस, माझी ओळख नसल्यासारखी. मी कांद्याच्या पठाणाशी ‘हबीबी’पासून सुरुवात करून त्याच्या आजोबांपर्यंत जायचे, तो माझ्या आजीपर्यंत यायचा, आणि शेवटी दोघं हसत पोतं व्हॅनमध्ये टाकायचो. तुला ते सोसायचं नाही. “एवढं बोलून एका पोत्यामागे दोन दिरहम वाचवलेस,” तू म्हणायचीस. “पन्नास रुपये झाले,” मी म्हणायचे. “पन्नास रुपयांसाठी त्याच्या आजोबांना खाली उतरवलंस?” मी तुला सांगून थकले की आमच्यात शिवी म्हणजे वजनाचा काटा असतो. शिवी दिल्याशिवाय भाव खरा आहे की नाही ते कळत नाही. तुला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

आणि तो व्हॅनमधला वाद. मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पवर दुपारचे डबे उतरवून आपण परत येत होतो. गेटसमोर गाडी लावली म्हणून मला मुखालफा, म्हणजे दंड, लागला होता. मी पोलिसाच्या साऱ्या खानदानाचा उद्धार चालवला होता. तू म्हणालीस, “आधी काच वर कर. आत्ता मुखालफा आहे, बाहेर ऐकू गेलं तर जुन्हा होईल.”

“ते काय असतं?”

“इथल्या फेडरल कायद्यात शिक्षेचे तीन खाने आहेत. मुखालफा सगळ्यात खाली. छोटा दंड, फार तर दहा दिवस आत. त्याच्या वर जुन्हा. महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत तुरुंग, नाहीतर मोठा दंड. आणि सगळ्यात वर जिनाया. तीन वर्षांपासून पुढे, जन्मठेप, देहदंडापर्यंत.”

“किरकोळ, घाऊक आणि कंटेनर,” मी म्हणाले.

“तुला डोकं आहे, मालन. फक्त ते गल्ल्यात ठेवून फिरतेस.”

“आणि शरियतचं काय?”

“हुदूद म्हणजे धर्माने ठरवलेल्या शिक्षा, किसास म्हणजे जिवाला जीव, आणि दिया, ते वेगळं. ते तुझ्या घाऊक-किरकोळीत बसत नाही.”

तेव्हा मला त्या बसवाल्याची आठवण झाली. कॅम्पमध्ये बस मागे घेताना त्याने एका मजुराला चिरडलं होतं, आपलेच डबे खाणाऱ्यांपैकी. मी विचारलं, तो कुठल्या खान्यात? तू म्हणालीस, जुन्हा.

“माणूस मेला आणि मधला खाना?”

“हेतू नव्हता. चुकीने झालं. घरच्यांना दिया मिळेल, रक्ताची भरपाई.”

“आणि मी आत्ता पोलिसाला जे बोलले ते त्याने ऐकलं असतं तर?”

“तो पण जुन्हा.”

“म्हणजे एक मेलेला माणूस आणि एक शिवी, दोन्ही एकाच फळीवर?”

“दोघांची शिक्षा सारखी नसते. पण फळी एकच. वर्ग शिक्षेवरून ठरतो, मालन. दुखण्यावरून नाही.”

मी स्टिअरिंगवर हात आपटला. शारजा येईपर्यंत आपण भांडलो. हा काय कायदा, दुखणं मोजायचं नाही तर मोजायचं काय, असं मी म्हणत राहिले, आणि दुखणं मोजायला निघालं तर तुला रोज फाशी होईल, असं तू. किचन आलं म्हणून मी गप्प बसले. तू समजलीस की तू जिंकलीस. तसं काही नव्हतं, एवढं नोंदवून ठेव.

मग तू गेलीस. म्हणजे आत्ताचं नाही म्हणत मी. त्याच्या आधीचं.

हमरिया फ्री झोनमधल्या दोन-तीन कंपन्यांना कॅन्टीन चालवणारं कोणीतरी हवं होतं. ठरलेला भाव, वेळेवर डबे, आरडाओरडा नको. तू एका संध्याकाळी किचनच्या मागच्या पायरीवर बसून मला सांगितलंस, “मी हमरियात स्वतःचं किचन घेतेय.” मला वाटलं चेष्टा. मी म्हणाले, “घे की, मला पण एक घे.” तू हसली नाहीस. म्हणालीस, “मला आता शांतपणे काम करायचंय.”

शांतपणे. सुलभा, हा शब्द तू कुठून आणलास ते तुझं तुला ठाऊक. आपल्या किचनमध्ये शांतता कधी होती? फोडणीचा आवाज, माझा आवाज, स्वयंपाकी रघूचा आवाज, आणि मधोमध कानात कापूस घातल्यासारखी तू. मला वाटायचं तुला ते आवडतं. माणूस वर्षानुवर्षं एका ठिकाणी राहतो तर त्याला तिथे आवडत असणार, एवढाच माझा हिशोब.

रघूने महिन्याभरात नोटीस दिली. आपला रघू, ज्याला मी साताऱ्याहून आणला, ज्याच्या हाताची चपाती खाण्यासाठी कॅम्पमधली बिहारी पोरं भात सोडायची. तो तुझ्याकडे चालला होता. मी तुला फोन केला.

“तू माझा माणूस चोरलास.”

“चोरीला वस्तू लागते. दुसऱ्याच्या मालकीची, उचलून नेता येईल अशी. रघू वस्तू नाही. त्याने रीतसर नोटीस दिली.”

“मग हा कुठला गुन्हा ते सांग. मुखालफा, जुन्हा, काय?”

“कुठलाच नाही, मालन,” तू म्हणालीस आणि फोन ठेवलास.

तिथे माझं डोकं फिरलं. जिनाया म्हणाली असतीस तरी मी ऐकून घेतलं असतं. पण कुठलाच नाही? एवढं सगळं उलटंपालटं करून गेलीस आणि त्याला खानाच नाही? मी तसाच फोन उचलला आणि मंडळाच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. ही बाई चोर आहे, माझ्या घरातून माणूस पळवला, उद्या तुमच्याकडेही येईल, दारं लावून घ्या. पुढचं इथे लिहीत नाही. ते आता सरकारी दफ्तरात अरबीत आहे.

ग्रुपवर तेव्हा गणपतीच्या प्रसादाचं चाललं होतं, मोदक कोण करणार आणि किती. त्याच्या मधोमध माझा आवाज पडला. मग कोणीतरी मला ग्रुपमधून काढलं. मी वाट पाहत होते की तू फोन करशील. तू चार शब्द ऐकवशील, मी आठ ऐकवीन, आणि गणपती बसेपर्यंत आपण मोदकांच्या सारणावरून भांडू. आजवर असंच झालं होतं. माझ्या तोंडून तू काय काय ऐकलं नव्हतंस?

फोन आला तो पोलिसांचा.

माझा वकील केरळचा, हिंदी फाडफाड बोलणारा. त्याने ऑफिसात बसवून समजावलं. “मॅडम, मुँह पे बोलतीं तो एक धारा. फोन पे बोला, तो सायबर वाला क़ानून. है जुन्हा ही, लेकिन भारी. जेल या जुर्माना, या दोनों. जुर्माना ढाई लाख दिरहम से शुरू.”

साठेक लाख रुपये, मी मनात म्हणाले. त्याला म्हणाले, “इतना तो ख़ून का नहीं होता.”

“ख़ून की बात अलग है. और डिपोर्टेशन जज के हाथ में.”

“भाव कम करने का कोई रास्ता?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “एक ही है. कंप्लेनेंट तनाज़ुल दे दे. फ़ैसला पक्का होने से पहले कभी भी. केस ख़त्म.”

तनाझुल म्हणजे फिर्यादीने आपला हक्क सोडणं. म्हणजे माझं किचन, माझा व्हिसा, मी ज्या खाटेवर झोपते ती खोली, हे सगळं तुझ्या एका सहीवर. मला बार्शीला परत पाठवलं तर तिथे माझं कोण आहे? दिराने घराला केव्हाच आपलं कुलूप लावलंय. हे तुला माहीत होतं. मला इथून न जाण्याचे कागद तूच टाईप केले होतेस, आणि जायला लावेल असा कागदही तूच टाईप केलास. व्याकरणाची एक चूक नसेल त्यात. वकील म्हणाला, “बहुत अच्छा ड्राफ़्ट है.” मी म्हणाले, “होगा ही.”

पोलीस स्टेशनात समोरासमोर बसवलं तो दिवस मी पुन्हा पुन्हा आठवते. दुभाष्या यायला उशीर झाला होता. मधे टेबल, तू त्या टोकाला, मी या टोकाला. तू निळा ड्रेस घातला होतास आणि वाळली होतीस. पोलिसाने मला काहीतरी अरबीत विचारलं. मला कळलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. आणि तू, सवयीने, कागदावरून नजर न उचलता म्हणालीस, “मालन, तो विचारतोय, आवाज तुझाच का.”

“माझाच. दुसऱ्या कोणाचा असणार? आणि सांग त्याला,” म्हणून मी पुढे जे म्हणाले ते चांगलं लांबलचक होतं आणि त्यात तू होतीस, तुझं नवीन किचन होतं, आणि एक ताजी शिवीही होती. तू ऐकून घेतलंस. मग पोलिसाकडे वळून एकच शब्द बोललीस. “नाम.” हो.

माझं अरबी कच्चं असेल, पण एवढं लांब बोलणं एवढ्या छोट्या शब्दात मावत नाही हे कळतं. तू माझा दुसरा गुन्हा गिळून टाकलास. तेवढ्यात पोलिसाच्या लक्षात आलं आणि तो हसायला लागला. फिर्यादीनेच आरोपीची दुभाषी व्हायचं, असं कुठे असतं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. मग त्याने तुला विचारलं, समेट करणार का. हा शब्द मला कळला. सुल्ह. मी तुझ्याकडे पाहिलं.

तू म्हणालीस, “ला.” नाही.

या दोन शब्दांच्या मधे मी अजून उभी आहे, सुलभा. ‘नाम’ म्हणून मला वाचवलंस आणि पुढच्या श्वासाला ‘ला’ म्हणून बाहेर ठेवलंस. यातली खरी तू कोणती ते विचारायला मला मनाई होती.

नंतरचे महिने कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. नवीन स्वयंपाकी ठेवला, त्याची चपाती पापडासारखी. बाजारातला पठाण एकदा म्हणाला, “वो चुप वाली मॅडम नहीं आती?” मी कांदा न घेताच परत आले. थंडी सुरू झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी खोर फक्कानला गेले, आपण जायचो तशी. वाळूत चटई टाकली, डबा उघडला. शेजारी कोणी ‘मीठ जास्त आहे’ म्हणायला नसलं की मीठ कळतच नाही. समोर कंटेनरची जहाजं उभी होती. तू तासन्तास त्यांच्याकडे बघायचीस, एक शब्द बोलायची नाहीस, आणि मी बोलत राहायचे. त्या दिवशी मीही बोलले नाही. कोणाशी बोलणार?

रघूचा फोन आला. “ताई, मॅडम गेल्या.”

“कुठे गेल्या?” मी विचारलं. मला वाटलं देवरुखला, गावी.

“गेल्या, ताई,” तो पुन्हा म्हणाला. मग मला कळलं.

दुसऱ्या दिवशी वकिलाला फोन केला, तर तो म्हणाला, “केस ज़िंदा है, मॅडम. कंप्लेनेंट गुज़र गई, कंप्लेंट नहीं. अब तनाज़ुल का हक़ वारिसों का. सब वारिसों का, मिलके. एक ने भी ना बोला तो नहीं.” तू जाऊनही माझ्यावरचा आरोप तसाच, आणि माझं भवितव्य आता भाऊजी आणि तुझी लेक ईशा यांच्या हातात. वकिलाने त्यांना रीतसर विचारलं. उत्तर ईशाने मला स्वतःच पाठवलं. “मावशी, कम होम.”

मी गेले. तयारीने गेले. तू मला ओळखतेस. समोरचा काय मागेल, आपण कुठपर्यंत खाली यायचं, कुठे उठून जायचं सोंग करायचं, सगळं वाटेत ठरवलं. माफी मागायला लावेल, तर बंद खोलीत मागेन, ग्रुपवर नाही. ग्रुपवरच हवी म्हणाली, तर लिहून देईन, बोलून नाही. ‘चोर’ हा शब्द मागे घे म्हणाली, तर मात्र तो मी घेणार नव्हते. तो मला अजून खरा वाटत होता.

ईशाने दार उघडलं. तुझीच उंची, तुझाच चष्मा. भाऊजी सोफ्यावर बसले होते, टीव्ही बंद. चहा झाला. मी सुरुवात केली, “हे बघ बाळा, जे झालं ते झालं, पण माझीही काही बाजू—”

“मावशी, प्लीज. डोन्ट निगोशिएट.”

“मी कुठे—”

“यू आर. तू असा आवाज काढतेस, मला माहितीये. आम्ही साईन करतोय. मी आणि बाबा. दॅट्स ऑल.”

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

“बदल्यात काय?” मी विचारलं.

“नथिंग.”

सुलभा, मी आयुष्यात फुकट काही घेतलं नाही आणि कोणाला फुकट दिलं नाही. फुकट मिळालेल्या मालात काहीतरी खोट असते. मी म्हणाले, “काहीतरी माग. माफी माग. शिव्या घाल. असं कसं?”

“मला काही नकोय, मावशी.” मग ती थांबली आणि मराठीतच बोलली, अगदी सावकाश. “तो मेसेज मी प्ले केला होता. मला वाटलं मोदकांचं असेल. स्पीकरवर होता. आई शेजारीच बसली होती.”

म्हणजे तू ते एकटीने ऐकलं नाहीस. एकटीने ऐकलं असतंस तर नाकाने हसून सोडून दिलं असतंस कदाचित. पोरीच्या तोंडाकडे बघत ऐकलंस. हे तू मला का सांगितलं नाहीस? एक फोन करून म्हणायचं होतंस, मालन, माझ्या लेकीसमोर तू मला चोर म्हणालीस. चार लोकांत येऊन माझ्या कानाखाली वाजवायची होतीस. मी सोसलं असतं. कायदा कशाला मधे आणलास? की तुझ्याकडे रागवायला दुसरी भाषाच नव्हती?

मी ईशाला विचारलं. विचारायचं नव्हतं, पण निघून गेलं. “तिने केलं असतं का गं? तनाझुल. जगली असती तर?”

ती चष्मा काढून पुसायला लागली. मी मनात म्हणत होते, खोटं बोल, एवढं तरी फुकट दे.

“आय ऑनेस्टली डोन्ट नो, मावशी,” ती म्हणाली. “शी वॉज रिअली हर्ट.”

तुझी मुलगी आहे ती. भाव उतरवणार नाही.

नियाबामध्ये, म्हणजे सरकारी वकिलांच्या कचेरीत, आम्ही तिघं गेलो. खिडकीपलीकडे एक तरुण स्थानिक मुलगा होता. त्याने कागद पाहिले, स्क्रीन पाहिली. भाऊजींना विचारलं, मयताचे कोण? पती. ईशाला विचारलं. मुलगी. मग त्याने माझ्याकडे बोट केलं, ही कोण? मी आयडी पुढे करणार तेवढ्यात ईशा तिच्या शाळेतल्या अरबीत म्हणाली, “खालती.” माझी मावशी.

मुलाने स्क्रीनवरचं आरोपीचं नाव वाचलं. मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं, मग ईशाकडे. काही विचारलं नाही. “अल्लाह यर्हमहा,” देव तिला शांती देवो, एवढं म्हणून त्याने कागद पुढे सरकवले. भाऊजींनी सही केली. ईशाने केली. तो म्हणाला, “खलास.” बाकीचं वर जाईल, आणि केस मिटल्याचा मेसेज फोनवर येईल.

बाहेर भाऊजी पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. “घरी येत जा,” म्हणाले. मी हो म्हणाले. ईशाने मला मिठी मारली, ही मुलं मारतात तशी, आणि दोघं गाडीत बसून गेले. मी पार्किंगमध्ये उभी राहिले. उन्हाने व्हॅनचं हँडल तापलं होतं.

मेसेज काल आला. आता मी आरोपी नाही आणि तू फिर्यादी नाहीस. तुझ्याशी बोलायची मनाई उठली. इतके महिने वकिलाच्या धाकाने तोंड दाबून बसले होते, आज सरकार म्हणतंय बोल.

तर बोलते. तू म्हणाली होतीस, हा कुठलाच गुन्हा नाही. बरोबर म्हणाली होतीस. रघू वस्तू नव्हता, तो त्याच्या पायांनी गेला. मी चपातीसाठी, डब्यांसाठी, धंद्यासाठी भांडतेय असं सगळ्यांना वाटलं. मीही तेच सांगत सुटले होते, कारण त्याला निदान नाव होतं. पण त्या संध्याकाळी पायरीवर तू म्हणालीस की मी हमरियात किचन घेतेय, आणि मी चेष्टेत म्हणाले, मला पण एक घे, तेव्हा मी चेष्टा करत नव्हते गं. तू जिथे शांतपणे काम करणार होतीस तिथे मी कोपऱ्यात बसून कांदे निवडले असते. तोंडाला कुलूप लावलं असतं. जमलं नसतं, पण लावलं असतं. तू साताऱ्याच्या रघूला विचारलंस. मला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर रघूच काय, मीही आले असते.